रंगांधळ्या माणसाला सगळं काळं-पांढरं दिसतं का? हे येतं कुणाकडून?

नाही दिसत काळं-पांढरं. शाळेपासून हेच ऐकतोय, आणि विचारणारा लगेच स्वतःचा शर्ट पुढं करतो, "हा कुठला रंग सांग." आभाळ निळं, हळद पिवळी, मला चोख कळतं. घोळ लाल, हिरव्या आणि तपकिरीत.

मी अंबाजोगाई तालुक्यातला. आठवीत होतो. पोळ्याच्या आदल्या रात्री खांदेमळणी झाल्यावर बापानं शिंगं रंगवायला सांगितली. गेल्या साली उरलेले दोन डबे होते, कंदिलाच्या उजेडात हात चालवला. सकाळी मारुतीच्या पारापुढं जोडी उभी केली, तर आमच्या राजाचं एक शिंग लाल, एक हिरवं! गाव हसलं. बापानं तिथंच कानाखाली काढली, "सणाची चेष्टा करायलास का?" मला तर दोन्ही सारखीच दिसत होती. शेजारी उभ्या सर्जालाही सारखीच दिसली असणार. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी माणसाला तीन जातीच्या, बैलाला दोनच. लाल फडकं बघून बैल उधळतो हे थोतांड आहे, तो फडकं हलतं म्हणून उधळतो.

अणुसिद्धांतवाला जॉन डाल्टनही असाच. १७९४ मध्ये त्यानं स्वतःच्याच नजरेवर निबंध वाचला. डोळ्यातलं पाणी निळं असावं असा त्याचा कयास, म्हणून मेल्यावर डोळा तपासा असं सांगून ठेवलेलं. १८४४ ला तपासला, पाणी स्वच्छ. जपून ठेवलेल्या डोळ्यांतून १९९५ मध्ये डीएनए काढला, तेव्हा कळलं की एका जातीच्या शंकुपेशीचं जनुकच नव्हतं. बिचाऱ्याची चूक मेल्यावर निघाली, खरं कारण दोनशे वर्षांनी, पण कानाखाली कुणी काढली नाही.

आता कुणाकडून येतं ते. माझ्या पोरानं तिसरीत झाडाचं खोड हिरवं आणि पानं तपकिरी रंगवली. बायको आजतागायत म्हणते, "बापावर गेलाय." साफ चूक! हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, आणि बाप लेकीला आपलं एक्स देतो, मुलाला वाय. म्हणजे पोराला आलंय ते आईकडून. सासूबाई म्हणतात, आमच्यात कुणालाच नाही. मेहुण्याला पिकलेले टमाटे ओळखू येत नाहीत हे सगळ्या सासरवाडीला माहीत आहे, पण तिथं त्याला "बाजार कळत नाही" म्हणतात.

माझ्या लेकीला मात्र माझ्याकडून गेलंच आहे. आईकडूनही आलं असेल तर तिला स्वतःलाही त्रास असू शकतो; नसेल आलं, तरी तिच्या प्रत्येक मुलग्याला निम्मी शक्यता. हे बायकोला अजून सांगितलेलं नाही.

हे सगळं जन्मजात लाल-हिरव्याबद्दल बरं का. निळ्या-पिवळ्याचं गणित वेगळं. आणि मोठेपणी रंग फिके दिसायला लागले तर वंशावळ काढत बसू नका, डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा. ते रंगीत चष्मे विकतात त्यानं फरक थोडा उठून दिसतो, नजर बदलत नाही.

रंगीत ठिपक्यांत आकडे लपवून रंगांधळेपणा तपासायचे इशिहारा तक्ते मी आणून ठेवलेत. मेहुणा टाळायलाय. पोळ्याला जेवायला येणार आहे, तेव्हा बघतो.