अध्यक्षपदाला हो म्हणायच्या आधी

प्रिय पोरा,

तुझ्या भाषणाचा व्हिडिओ गावच्या ग्रुपवर आला, पूर्ण पाह्यला. आवाज खणखणीत आहे, कुठं थांबायचं तेही कळते तुला. कापसाच्या जिनिंगवर बाहेरच्या राज्यातले मजूर भरले म्हणून आपले पोट्टे रिकामे बसले, या वाक्याला टाळ्या पडल्या आणि आता म्हणे त्या संघटनेवाले तुला तालुक्याचा युवा अध्यक्ष करतात. कर की, पण त्याआधी एका फ्रेंच माणसाचं ऐकून घे, तुझ्यासारखाच बोलणारा होता, तुझ्याहून लय भारी.

जाँ-मारी ल पेन. 1928 चा जन्म, समुद्रकाठचं गाव, बाप मासेमार, दुसऱ्या महायुद्धात त्याची बोट सुरुंगाला लागली आणि बाप गेला. पोरगा पॅरिसला वकिली शिकला, फौजेत जाऊन आला. त्या टायमाला पूजाद नावाचा एक स्टेशनरीवाला टॅक्सवाल्यांच्या विरोधात छोट्या दुकानदारांना गोळा करत होता. खरं दुखणं होतं बाप्पा ते, टॅक्सचा साहेब दुकानात घुसून वह्या उलट्यापालट्या करायचा, गावंच्या गावं पेटली. 1956 ला पूजादचे पन्नासच्या वर खासदार निवडून आले, त्यात हा सत्तावीस वर्षांचा ल पेन. दोनेक वर्षांत ती चळवळ विझली, दुकानदार आपल्या वह्या घेऊन तिथंच राह्यला, आणि याला मात्र माइक सापडला तो सापडलाच.

1972 साली, म्हणजे आपल्याकडं कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली त्या सुमारास, त्यानं फ्राँ नास्योनाल पक्ष काढला. सोबत कोण, तर एक जण चक्क हिटलरच्या वाफेन एसएस या फौजेत लढून आलेला. 1974 ला राष्ट्राध्यक्षपदाला उभा राह्यला, एक टक्काही मतं नाही. मग 1978 चं ते पोस्टर आलं: दहा लाख बेरोजगार म्हणजे दहा लाख परदेशी जास्त. बस, एवढंच. हिशोब पोरखेळाचा आहे, पण भिंतीवर वाचायला सोपा. पुढं बेरोजगार वाढले तसा पोस्टरवरचा आकडा वाढवला, दहाचे वीस लाख, बाकी वाक्य तेच. तुझं जिनिंगचं वाक्य ऐकलं तेव्हा मला हेच आठवलं म्हणून रागावू नको.

आणि गरिबाचा नेता राहात कुठं होता? सिमेंटवाल्या एका श्रीमंत घराण्याचा वारस 1976 ला मेला आणि इस्टेट याच्या नावानं करून गेला, पॅरिसला लागून टेकडीवरचा बंगला त्यातलाच. असो.

1987 ला तो बोलून गेला की गॅस चेंबर म्हणजे महायुद्धाच्या इतिहासातला एक तपशील. लाखो ज्यू मारले गेले त्याला तपशील! कोर्टानं दंड केला, तरी पुन्हा पुन्हा तेच बोलला. 2002 च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत डाव्यांची मतं फुटली आणि हा 16.86 टक्क्यांवर दुसऱ्या फेरीत पोचला, त्याच्या विरोधात लाखो लोक रस्त्यावर उतरले, समोरच्या शिराकला, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षाला, 82 टक्के मतं पडली. पक्षात मेग्रे नावाचा एक इंजिनियर होता, दुसऱ्या पक्षांशी जुळवून घेऊ, सत्तेत जाऊ म्हणणारा, त्याला 1998 ला काढलं. आणि 2015 ला त्याच्या सख्ख्या पोरीनं त्यालाच पक्षातून काढलं, कारण जुनं तोंड आवरत नव्हतं. 2025 च्या जानेवारीत 96 व्या वर्षी मेला. साठ वर्षांच्या राजकारणात मंत्रिपद एकही नाही.

तू म्हणशील सर, मग तो हरला ना. तसं नाही. त्याची पोरगी 2022 ला त्याच निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीत 41 टक्क्यांवर गेली, बाकीचे पक्षही हळूहळू त्याचीच भाषा बोलायला लागले. भांडण कशावर व्हायचं हे त्यानं ठरवलं, पण त्या भांडणातून कोणाला कामधंदा मिळाला ते मला काही दिसलं नाही.

आता तुझं जिनिंग घे. ठेकेदार बाहेरचा मजूर काहून आणतो हे कधी विचारलं का त्याला? तो मजूर प्रेसच्या आवारातच झोपतो, बारा-बारा तास राबतो, पोळ्याला सुट्टी मागत नाही, आणि हजेरीवर काय मांडलं ते पाहातही नाही. त्याला हाकललं तर ठेकेदार तुझ्या मित्राला त्याच रेटवर बारा तास उभं करणार, दुसरं काय. आधी ते हजेरीचं रजिस्टर माग. तिथं लागते हिंमत, बसस्टॅन्डवर कोणीही ओरडते.

दुसरं, खेडा खरेदीवाला बोंडात बोट घालून ओलावा सांगतो आणि कास्तकाराचा भाव पाडतो. सीसीआय, म्हणजे सरकारचं कापूस महामंडळ, 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव देते, 12 च्या वर घेतच नाही, मधल्याला भावात कट्टी लागते, हे तुझ्या गावात किती लोकांना माहीत आहे विचारून पाह्य. एक ओलावा मोजायचं मीटर वर्गणी काढून घ्या. पहिली वेचणी ओलीच असते, तेव्हाच कामी पडते ते, आणि व्यापाऱ्यासमोर मोजजो, मागं नको.

त्या संघटनेवाल्यांना सांग, दिवाळी होऊ दे मग पाहू. आणि सेवा सोसायटीच्या आमसभेला येजो, ऑडिट रिपोर्ट मी मागून ठेवतो, दोघं मिळून वाचू. आईला नमस्कार सांग.

तुझे,
सर