माझ्या गुंडाळण्यामुळे नातीचा खुबा सरकला का?

शब्द वेगळे असतात पण प्रश्न तोच असतो. कुणी विचारतं माळीशवाल्या बाईने पाय ओढले म्हणून झालं का, कुणी म्हणतं मी सातव्या महिन्यात दुचाकीवरून फिरले, एकीने तर ग्रहणाचं विचारलं. लहान बाळाला हिप डिस्प्लेसिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न घडलेला, निघाला की घरातली प्रत्येक बाई आपापल्या परीने हिशेब मांडायला लागते की आपलं कुठे चुकलं. मी मुलांच्या हाडांच्या ओपीडीत समुपदेशक आहे, त्यातली एक केस सांगते, नाव बदललंय.

मीनल पहिलटकरीण. बाळ पायाळू म्हणून सिझेरियन झालं, मुलगी झाली. पायाळूचं घरात कौतुकच, आता कुणाच्या पाठीत उसण भरली की हिचा पाय लावून घेऊ असं सगळे म्हणायचे. पण पायाळू बाळाचे खुबे नीट तपासून घ्यायचे असतात हे मात्र तिला कुणीच सांगितलं नव्हतं. बाळंतपण माहेरी, आजी रोज तेल लावून आंघोळ घालायची, शेक द्यायची आणि मग पाय सरळ जुळवून दुपट्यात घट्ट गुंडाळून ठेवायची, पाय वाकडे राहू नयेत म्हणून. लंगोट बदलताना डाव्या बाजूला कट्ट असं काहीतरी हाताला लागतं हे मीनलला जाणवलं होतं, तिने सांगितलंही, पण बाळांची हाडं वाजतातच म्हणून विषय संपला. दीड महिन्याच्या डोसाला डॉक्टरांना शंका आली, सोनोग्राफी झाली. त्यात अल्फा अँगल नावाचं माप बघतात, ऑस्ट्रियाच्या राइनहार्ड ग्राफ यांनी १९८० मध्ये ही पद्धत आणली, तो ६० अंश किंवा वर असला तर खुब्याची वाटी, म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा जिथे बसतो ती खोबण, व्यवस्थित. हिचा डावीकडे ४६, वाटी उथळ आणि मांडीच्या हाडाचा गोळा वाटीबाहेर सरकलेला. लगेच पावलिकचा बेल्ट लागला, पट्ट्यांचा असतो तो, गुडघे वर आणि मांड्या फाकलेल्या राहतात, दिवसरात्र ठेवायचा.

त्या दिवशी मी तिला सांगितलं की यात कुणाचीच चूक नाही, बेल्ट कसा सांभाळायचा ते दाखवलं, आणि मला वाटलं झालं काम.

आठवड्याने आल्या तेव्हा पट्ट्यांवर पेनाने केलेल्या खुणा जुळत नव्हत्या. (या खुणा आम्ही मुद्दाम करतो, म्हणजे पट्टा सैल किंवा घट्ट झाला तर कळतं.) मी विचारल्यावर मीनल रडायलाच लागली. बाळ रात्री किरकिरायचं, आणि सासूबाई फोनवर म्हणाल्या की तुझ्या आईने लेकराला आवळून बांधलं म्हणून हे भोगतंय, तर हिला ते बेल्टमधलं बाळ बघवेना, रोज रात्री चार पाच तास ती बेल्ट काढून ठेवत होती. आजी शेजारच्या खुर्चीत बसलेल्या, त्यांनी मान वर केलीच नाही, एवढंच विचारलं, खरं सांगा बाई, माझ्या गुंडाळण्यामुळे झालं का हो?

तेव्हा मला कळलं की माझं ते 'कुणाचीच चूक नाही' त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. ज्या बाईला आतून वाटतंय की आपण केलं, तिला नुसतं नाही म्हणून भागत नाही, का नाही ते उलगडून सांगावं लागतं, आणि थोडं हो असेल तर तेही सांगावं लागतं. मी अर्धा तास बाजूला काढला.

मी म्हटलं आजी, हे एका गोष्टीने होत नाही. मुलींमध्ये मुलग्यांपेक्षा कितीतरी जास्त दिसतं, आईकडून येणारी हार्मोन्स सांधे सैल करतात त्याचा त्यात हात असावा असं मानतात. पहिल्या खेपेला गर्भाशय जरा आवळ असतं, बाळाला हलायला जागा कमी. पायाळू बाळाच्या मांड्या पोटाशी दुमडलेल्या आणि बऱ्याचदा गुडघे सरळ ताणलेले, त्यात गोळ्याला वाटीत नीट दाब मिळत नाही. डावा खुबा जास्त वेळा सापडतो, कारण बरीचशी बाळं पोटात अशी बसतात की डावी बाजू आईच्या कण्याला टेकते. घराण्यात असलं तर धोका वाढतो, जीडीएफ५ नावाच्या जनुकाचा संबंधही संशोधनात दिसलाय. आता मोजा, मुलगी, पहिली, पायाळू, डावी बाजू. हे सगळं तुम्ही दुपटं हातात घ्यायच्या आधीच ठरलेलं होतं.

आणि गुंडाळण्याचं? त्यावर मी खोटं बोलले नाही. पाय सरळ जुळवून घट्ट बांधलं तर सैल खुबा बाहेर राहायला मदत होते, हे खरं आहे. बार्लो नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी १९६२ मध्ये लिहून ठेवलंय की जन्मतः अस्थिर असलेल्या खुब्यांपैकी ६० टक्के पहिल्या आठवड्यात आणि ८८ टक्के दोन महिन्यांत आपोआप घट्ट होतात, तर त्या दिवसांत पाय मोकळे, बेडकासारखे दुमडलेले असले की वाटीला गोळ्याभोवती नीट घडायला संधी मिळते. जपानमध्ये आज्या पिढ्यानपिढ्या असंच सरळ गुंडाळायच्या. १९७५ च्या सुमारास तिथे मोहीम झाली, बाळाचे पाय सरळ बांधू नका म्हणून, आणि हजारात अकरा ते पस्तीस बाळांना होणारा हा त्रास हजारात दोनच्याही खाली आला. त्या जपानी आज्यांनी काय मुद्दाम केलं होतं? त्यांना माहीत नव्हतं, माहीत झालं तेव्हा बदललं. तुम्हालाही आजच माहीत झालंय. वरचं अंग गुंडाळा हवं तर, कमरेखाली सैल सोडा. माळीशही चालते, फक्त पाय ओढून सरळ करणं आणि घोट्याला धरून बाळाला उलटं लटकवणं कायमचं बंद. बेल्ट असेपर्यंत आंघोळ नाही, नुसतं पुसून घ्यायचं.

आजींनी तेव्हा पहिल्यांदा डोळे पुसले आणि विचारलं, कडेवर घेतलं तर? मी म्हटलं बेल्ट निघाला की अगदी खुशाल घ्या, आपल्याकडे लेकरू कडेवर बसवतात तेव्हा मांड्या फाकलेल्या आणि गुडघे वर असतात, खुब्याला हेच हवं असतं.

मग मीनलशी वेगळं बोलले. तो कट्ट आवाज तिलाच आधी जाणवला होता ना. १९३० च्या दशकात इटलीत मारिनो ऑर्टोलानी यांच्याकडे एक आई हेच सांगत आली होती की बाळाला धुताना खुब्यात काहीतरी वाजतं, त्यावरूनच त्यांनी ती तपासणी बसवली जी आजही प्रत्येक नवजात बाळाची करतात. सगळेच आवाज धोक्याचे नसतात, पण आईने सांगितलं तर तपासायला हवं. तू बरोबर होतीस असं म्हटल्यावर ती कितीतरी वेळ गप्प बसली.

बेल्टचंही सांगितलं. पावलिक हे चेक डॉक्टर, त्यांच्या आधी बाळांचे पाय जबरदस्तीने फाकवून प्लास्टरमध्ये पक्के करायचे आणि त्यात गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड खराब व्हायचं. पावलिकनी १९४० च्या दशकात पट्ट्या आणल्या त्या याचसाठी की बाळाने लाथा झाडाव्यात आणि झाडता झाडता गोळा आपणच वाटीत बसावा. म्हणजे बाळ तिथे बांधलेलं नाही, काम करतंय. सहा महिन्यांच्या आत सुरू केला तर बहुतेक बाळांना याचा गुण येतो. मात्र पट्टा आपल्या मनाने आवळायचा नाही, आणि बाळ गुडघा सरळ झटकायचं थांबलं तर त्याच दिवशी फोन करायचा, कारण मांडीची नस दबलेली असू शकते.

तिने एक विचारलं ते बऱ्याच जणी विचारतात, नात्यातल्या एका बाळाला डॉक्टर नुसते थांबा म्हणाले, मग आम्हालाच बेल्ट का? तर नॉर्वेत बर्गनला १२८ नवजात बाळांवर चाचणी झाली होती, २०१० मध्ये छापून आली, खुबा स्थिर आणि वाटी थोडीशीच उथळ असेल तर लगेच पट्टा लावलेली आणि सोनोग्राफीने लक्ष ठेवलेली बाळं वर्षाने सारखीच निघाली. त्या बाळाला थांबा म्हणणं बरोबर होतं. हिचा गोळा बाहेर होता, हिच्या बाबतीत थांबणं म्हणजे पुढे भूल देऊन प्लास्टर, आणि दीड वर्षानंतर कळलं असतं तर बहुतेक ऑपरेशनच. चालायला लागल्यावर लंगडतंय म्हणून आणलेली मुलं आम्ही नेहमी बघतो, फार वाईट वाटतं.

बेल्ट पुन्हा निघाला नाही. तिसऱ्या आठवड्याला गोळा आत दिसला, एकूण बारा आठवडे बेल्ट राहिला, शेवटचा अँगल ६३. सासूबाईंना मी एकदा बोलावून घेतलं आणि तेच सगळं परत सांगितलं, त्यांना मुलीच्या लग्नाची काळजी होती. वेळेत बसलेल्या खुब्याची मुलगी पळते, मांडी घालते, पुढे बाळंतपणही होतं. वाढ पूर्ण होईपर्यंत अधूनमधून एक्सरे तेवढा चुकवायचा नाही.

परवा मीनलचा फोन आला, पुन्हा दिवस गेलेत. दुसऱ्यालाही होईल का? आईवडिलांना नसेल आणि एका मुलाला असेल तर पुढच्या शंभरात साधारण सहा बाळांना होतं, रूथ विन डेव्हिस यांच्या १९७० च्या अभ्यासातला आकडा आहे. म्हणून पायाळू असो नसो, जन्मल्यावर लगेच खुबे तपासायचे आणि सहा आठवड्यांनी सोनोग्राफी. ती म्हणाली, आईने कॅलेंडरवर मोजून तारीख लिहूनसुद्धा ठेवलीये.