१९९८ साली टाइप केलेल्या मराठी फाइलमध्ये आता नुसती इंग्रजी अक्षरं का दिसतात? मजकूर परत मिळेल का?

तुमच्या वडिलांनी गावाच्या इतिहासावर लिहिलेलं पुस्तक १९९८ च्या सुमारास डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलं होतं. ती वर्डची फाइल आता उघडल्यावर एफ, के, जे, मधेच कंस आणि अवतरणचिन्हं असं काहीतरी दिसतंय. फाइल खराब झाली का, आणि तेव्हा युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरलेले आकडे देणारं मानक, नव्हतं का, असं तुम्ही विचारलंय.

फाइल खराब झालेली नाही. मजकूर जसाच्या तसा आत आहे, तो परत मिळेल. मी पुण्यात अक्षरजुळणीचं काम करतो आणि अशा फाइली घेऊन लोक अजूनही येतात, त्यामुळे हे खात्रीने सांगतो.

संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. ६५ म्हणजे मोठा ए, हे जगभर ठरलेलं होतं. विंडोजवर देवनागरीची तशी सोय नव्हती, तेव्हा फॉन्ट करणाऱ्यांनी एक युक्ती केली: इंग्रजी अक्षराच्या जागेवर देवनागरीचा तुकडा काढून ठेवला. कृतिदेव फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द ई, जे, के, मोठा बी, एच असा साठतो. ई च्या जागी म चं चित्र, जे च्या जागी र, के म्हणजे काना. फाइलमध्ये खरोखर ती पाच इंग्रजी अक्षरंच असतात. तो फॉन्ट मशीनवर आहे तोवर मराठी दिसतं, फॉन्ट गेला की आतलं इंग्रजी उघडं पडतं.

‘तुकडा’ म्हणतोय कारण पूर्ण अक्षरंही तिथे नसतात. ही मांडणी जुन्या देवनागरी टाइपरायटरवरून आली आणि टाइपरायटरला कळा मोजक्याच. म्हणून भ, ख, ण, श ही अक्षरं अर्धं अक्षर आणि काना अशी दोन कळांत बनायची. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी मारायची, कारण कागदावर ती आधी दिसते. रफार अक्षर मारून झाल्यावर वर ठेवायचा, उच्चारात तो आधी असला तरी. फाइलमध्येही हाच क्रम साठला. म्हणजे साठवला गेला तो अक्षराचा आकार. अक्षर कोणतं, हे कुठेच नोंदलं गेलं नाही.

आता युनिकोडचं. ते होतं! युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची आहे आणि तिच्यात देवनागरी होती. त्याच वर्षी भारतीय लिप्यांच्या अक्षरांना आकडे देणारं ‘इस्की’ हे आपलं मानकही पक्कं झालं, आयएस १३१९४ या क्रमांकाने. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेली आहे. आणि हे नुसतं कागदावर नव्हतं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं काम १९८८ मध्ये पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत आलं आणि तिथून जिस्ट कार्ड बाजारात आलं. हे कार्ड पीसीच्या स्लॉटमध्ये बसवलं की डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीवरचे वर्डस्टार, डीबेस असे साधे इंग्रजी प्रोग्राम मराठीत चालायचे. फाइलमध्ये इस्कीचे आकडे, म्हणजे खरी अक्षरं, आणि ती पडद्यावर कशी जोडून दाखवायची ते कार्ड बघायचं. इस्कीत क चा आकडा सगळ्या भारतीय लिप्यांना एकच. त्यामुळे देवनागरीत टाइप केलेली नावांची यादी तशीच गुजराती किंवा कन्नड लिपीत बघता यायची. मला आजही ही कल्पना फार मोठी वाटते. अक्षर काय आहे आणि ते दिसतं कसं, या दोन गोष्टी आपल्या लोकांनी त्या काळात स्वच्छ वेगळ्या केल्या होत्या.

मग घोडं अडलं कुठे? विंडोज आलं. डॉसमध्ये पडद्यावर काय उमटतं ते कार्डाला धरता यायचं, विंडोज मात्र अक्षरं स्वतः रंगवायचं. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये ट्रूटाइप फॉन्ट आले आणि छपाईची दुनिया पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरकडे धावली. दिवाळी अंक, लग्नपत्रिका, पाठ्यपुस्तकं, सगळं तिकडे गेलं. पेजमेकरला एका अक्षराला एक चित्र एवढंच कळायचं, जोडाक्षर बिलकुल नाही. मग फॉन्टमध्येच तुकडे भरण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. जागा मिळायच्या दोनशेच्या आसपास आणि कुठला तुकडा कुठे ठेवायचा हे ज्याचं त्याने ठरवलं. श्रीलिपी, आकृती, आयएसएम, कृतिदेव, प्रत्येकाचा नकाशा निराळा. एका पॅकेजमधला मजकूर दुसऱ्यात नेला की खिचडी. त्यातून बरीच पॅकेजं डोंगलवर, म्हणजे कुलपासारख्या छोट्या उपकरणावर, चालायची, प्रिंटरच्या पोर्टला तो लावल्याशिवाय उघडायचीच नाहीत.

मी फॉन्टवाल्यांना दोष देत नाही. त्यांच्यामुळे मराठी छपाई खिळ्यांतून संगणकावर आली आणि गावोगावच्या पोरांना रोजगार मिळाला. राग येतो तो याचा की मानक हाताशी असताना ‘फाइल शेवटी इस्कीतही साठवा’ असा आग्रह कुणी धरला नाही. सगळ्यांचं लक्ष छापलेल्या पानावर. पान छापून झालं की फाइलला कोण विचारतो!

युनिकोड प्रत्यक्ष वापरात यायला विंडोज २००० उजाडलं. त्यात मंगल हा फॉन्ट आला, आयआयटी मुंबईत शिकवलेल्या र. कृ. जोशींनी रेखलेला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला तो याच जोरावर. छापखान्यांना मात्र आणखी थांबावं लागलं, कारण पानं लावायच्या सॉफ्टवेअरला जोडाक्षरं जमत नव्हती. पेजमेकरनंतर आलेल्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची नीट सोय २०१२ च्या सीएस६ मध्ये झाली. म्हणून १९९२ पासून पुढची वीसेक वर्षं छापलेली बहुतेक मराठी पुस्तकं अशाच फाइलींत अडकून पडली आहेत. त्यात अनेकांचे वडील आहेत, आजोबा आहेत. ती वाचायलाच हवीत.

आता तुमच्या फाइलचं. वर्डमध्ये मजकुरावर कर्सर ठेवा आणि फॉन्टच्या चौकटीत नाव बघा. फॉन्ट मशीनवर नसला तरी त्याचं नाव तिथे दिसतं. तो फॉन्ट मिळवून टाकला की मजकूर लगेच वाचता येईल, पण शोधता येणार नाही आणि मोबाइलवर पाठवता येणार नाही. त्यासाठी त्याच फॉन्टचं कन्व्हर्टर, म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्राम, लागेल. कृतिदेवची फुकट मिळतात. एखाद्या फॉन्टचं मिळालंच नाही तर योग्य फॉन्टमध्ये स्वच्छ प्रिंट काढून ओसीआर करा, म्हणजे पानाच्या चित्रावरून मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर वापरा; हल्ली मराठीचं ओसीआर बरंच चांगलं येतं. पेजमेकरची फाइल निघाली तर सीएस६ किंवा त्याआधीचं इनडिझाइन असलेला माणूस गाठा, नंतरच्या आवृत्त्या ती उघडत नाहीत.

कन्व्हर्टरवर डोळे झाकून विश्वास मात्र ठेवू नका. बरीच हिंदीसाठी बनवलेली आहेत, त्यांना आपला अर्धा ऱ्य कळत नाही. गावाच्या इतिहासात ‘दऱ्या’ येणारच, त्याचा ‘दर्या’ होऊन बसतो. वेलांटी पूर्ण जोडाक्षरानंतर जायला हवी ती मधेच अडकते, ‘स्थिती’सारखे शब्द बघा. रफार एक अक्षर मागे-पुढे सरकतो. आणि एक चूक डोळ्यांना दिसतच नाही: ‘आ’ च्या जागी सुटा अ आणि सुटा काना राहतो. वाचताना ठीक वाटतं, पण ‘आजोबा’ शोधलं की सापडत नाही. म्हणून आ, ओ, औ यांच्यासाठी अ अधिक काना किंवा मात्रा असं शोधून सगळीकडे एकदम बदलून घ्या. मग छापील पुस्तक शेजारी ठेवून एक प्रूफ वाचा.

हे सगळं प्रतीवर करा, मूळ फाइलला हात लावू नका. फॉन्टचं नाव कळलं की लिहा, त्याला कुठलं कन्व्हर्टर चालेल ते सांगतो.