रुग्णाचा आतला धीर खचू नये म्हणून नर्सनं नेमकं काय करावं?

तुम्ही लिहिलंय की जीएनएम या नर्सिंगच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहात, केअर प्लॅनमध्ये (रुग्णाच्या शुश्रूषेच्या आराखड्यात) ‘आध्यात्मिक क्लेशाचा धोका’, म्हणजे आजारपणात श्रद्धा आणि धीर डळमळण्याची भीती, हे निदान घ्यायचंय आणि ‘प्रार्थनेला वेळ द्या’ यापलीकडं काही सुचत नाही.

आधी कागदावरची चूक टाळा. धोक्याच्या निदानात लक्षणं लिहीत नाहीत, फक्त कारणं लिहितात: पाय कापावा लागणार, कॅन्सर नुकताच कळलाय, नमाज, वंदना किंवा हरिपाठ सुटलाय, गावापासून लांब एकटं पडलंय. रुग्ण ‘देवानं पाठ फिरवली’ असं बोलू लागला, तर क्लेश सुरूच झालाय. मग निदान बदला.

माहिती घ्यायला अमेरिकन डॉक्टर क्रिस्टिना पुचाल्स्की यांची १९९६ सालची ‘फिका’ पद्धत सोपी आहे: श्रद्धा, तिचं महत्त्व, सोबतची माणसं आणि उपचारात त्याची सोय. पण ‘तुमची श्रद्धा काय?’ असं थेट विचारलं, की जात विचारतायत असं वाटून माणूस आक्रसतो. त्यापेक्षा स्टुलावर पाच मिनिटं बसा. ‘आजी, अडचणीत धीर कशानं येतो? रोजचं काय चुकलं की चैन पडत नाही?’ सलाईन लावता लावता हे विचारू नका.

सगळ्यात जास्त मन दुखावतं ते ऑपरेशनच्या तयारीत. तुळशीची माळ, मंगळसूत्र, करदोडा, ताईत घाईत कात्रीनं कापले जातात. मला हे फार खटकतं, कारण ते सहज टाळता येतं. डायथर्मीत, म्हणजे विजेच्या उपकरणानं कापताना आणि रक्त थांबवताना, धातूजवळ भाजू शकतं, म्हणून धातू काढावाच लागतो. पण आदल्या संध्याकाळी कारण सांगा, रुग्णाच्या किंवा घरच्यांच्याच हातानं काढू द्या, नोंद करून त्यांच्याकडं द्या आणि डॉक्टरांची हरकत नसेल तेव्हा परत घालू द्या. धातू नसलेल्या माळेबद्दल भूलतज्ज्ञांना आधीच विचारा. नांदेडला शीख रुग्ण येतातच. त्यांचे केस परवानगीशिवाय कापू नका.

तुळजापूरचा अंगारा किंवा दर्ग्याचं पाणी आणलं तर हात झटकू नका. अंगारा कपाळाला चालेल, जखमेला किंवा नळीच्या तोंडाशी नाही. एनबीएम, म्हणजे तोंडानं काहीच द्यायचं नाही अशा, रुग्णाला तीर्थ डोळ्यांना लावू द्या, तोंडात नको. भुलीत पोटातलं श्वासनलिकेत जाऊ शकतं. ऑक्सिजनजवळ दिवा-उदबत्ती कधीच नाही. इन्सुलिनवरच्या रुग्णाची एकादशी किंवा रोजा डॉक्टरांना विचारूनच. साखर ७० च्या खाली गेली की उपास तिथंच सोडायचा, हे आधी पटवून ठेवा.

‘मी कुणाचं काय वाईट केलं होतं?’ याला उत्तर देऊ नका. ‘असं बोलू नये, देव बघतोय’ म्हटलं की माणूस गप्प होतो आणि दुखणं आतच राहतं. ‘असं कधीपासून वाटतंय?’ एवढंच विचारून थांबा. वारी चुकल्यानं पाय सडला असं मधुमेहाचा रुग्ण म्हणाला, तर साखरेनं नसा कशा बधिर होतात ते साध्या शब्दांत सांगा.

विष घेऊन आलेल्या शेतकऱ्याला कुणी बोल लावत असेल, तर तिथंच थांबवा. ‘लेकरांवर ओझं झालो’ ऐकलं की थेट विचारा, ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. ‘हो’ म्हणाला तर एकटं सोडू नका, डॉक्टरांना लगेच कळवा. सुट्टी देताना टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर घरच्यांच्या मोबाईलमध्ये घालून द्या. नोंदीत ‘रुग्ण उदास’ असं न लिहिता त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा आणि ड्युटी बदलताना ओव्हर देताना रात्रीच्या सिस्टरला वाचून दाखवा.