चोरी झाल्यावर श्वानपथकाचं कुत्रं दरवेळी रस्त्यापर्यंतच जाऊन का थांबतं?

तुमचा प्रश्न रास्त आहे. गावात घर फुटतं, श्वानपथक येतं, कुत्रं घरामागच्या रानातून निघतं, डांबरी रस्त्याला लागतं अन् तिथंच घुटमळतं. दुसऱ्या दिवशी पेपरात तेवढीच एक ओळ. मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या श्वानपथकात हँडलर होतो, आता निवृत्त आहे. त्या ओळीवरून लोकांची बोलणी पुष्कळ खाल्लीत, म्हणून लिहितो.

बहुतेक वेळा कुत्रं तिथं थांबतं, कारण माग तिथंच तुटलेला असतो. चोर मोटारसायकलवर बसला की संपलं. पण चोर कोणत्या वाटेनं गेला, गाडी कुठं लावली होती, हे तपास अधिकाऱ्याला कळलं ना! मग कोणत्या फाट्यावरचा सीसीटीव्ही बघायचा हे ठरतं.

माणसाच्या अंगावरून त्वचेचे बारीक कण सतत झडत असतात आणि त्यावरच्या जिवाणूंमुळे ज्याचा त्याचा वास तयार होतो. पायाखाली चिरडलेलं गवत, उकरलेली माती यांचा वास वेगळाच. कुत्र्याच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी 20 ते 30 कोटी, आपल्या साधारण 50-60 लाख. मला मात्र आकड्यापेक्षा नाकाची बांधणी जास्त भारी वाटते. माग काढताना कुत्रं सेकंदाला पाचेक वेळा हुंगतं आणि श्वास सोडतं तो नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून, त्यामुळं समोरचा वास उधळत नाही. आत ओढलेल्या हवेचा थोडा भाग फुप्फुसाकडं न जाता नाकाच्या मागच्या, खास वासासाठीच्या कप्प्यात वळतो. चार-पाच पावलं हुंगली की माणूस कुठल्या दिशेनं गेला हे चांगल्या कुत्र्याला कळतं. पुढचं पाऊल मागच्यापेक्षा एखाद्या सेकंदानं ताजं असतं, तेवढा फरक त्याला पुरतो.

आता हेच काम मे महिन्यात भर दुपारी, 42 अंशांत करायला लावा. तापलेल्या डांबरावर वास टिकत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करतं, आणि धापा टाकताना नीट हुंगता येत नाही. काळ्या रानात ओल असलेली पहाट मिळाली तर तेच कुत्रं लांबपर्यंत माग नेतं.

‘आपल्या लातूरकडचं कारवानी का घेत नाहीत?’ असं हमखास कुणीतरी विचारतं. कारवानी देखणं, पळायला वाऱ्यासारखं, पण ते मुळात नजरेवर शिकार करणारं कुत्रं. मागाला डॉबरमन, जर्मन शेफर्ड बरे.

आणि कुत्रं एखाद्यावर भुंकलं म्हणून तो चोर ठरत नाही. 1969 साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं श्वानाच्या मागाला पुराव्यात फारसं वजन देता येत नाही असं म्हटलंय. बरोबरच आहे, कुत्र्याची उलटतपासणी कोण घेणार?

खरं नुकसान पथकाची गाडी यायच्या आधीच होतं. अख्खी गल्ली घरात शिरून कपाट बघून जाते, चोराची राहिलेली चप्पल चार जणांच्या हातातून फिरते. तसली वस्तू दिसली तर हात न लावता वर स्वच्छ पातेलं उपडं घाला, लोकांना अंगणाबाहेर थांबवा, आणि पथक येऊन जाईपर्यंत घरच्यांना झाडलोट करू देऊ नका, सडाही टाकू देऊ नका.