हुमल्यांमागे लागलेल्या मुलीचं काय करायचं?

डिचोलीहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला आहे, नीटची शिकवणी चालू आहे. पण सवड मिळाली की ती कुळागरात (सुपारीच्या बागेत) हुमल्यांचं, म्हणजे झाडावर पानं जोडून राहणाऱ्या तांबड्या मुंग्यांचं, घरटं बघत उभी राहते. प्राण्यांमधल्या सहकार्याचा अभ्यास करायचा म्हणते. शिकवणीवाले सांगतात, गणित बाजूला ठेवा. वडील विचारतात, ‘यात पोट भरेल का?’

भरेल, पण उशिरा. आधी ती काय बघते ते एकदा तिच्यासोबत बघा. कामकरी हुमले एकमेकांची कंबर धरून साखळी करतात, पानांच्या कडा जवळ ओढतात, मग अळ्या तोंडात धरून त्यांच्या रेशमाने पानं चिकटवतात. एरवी अळीच्या कोशाला लागणारं रेशीम असं घरट्यासाठी खर्च होतं. स्वतःची पिल्लं नसलेला जीव इतरांसाठी एवढा का राबतो, हा पेच डार्विनलाही पडला होता. १९६४ मध्ये हॅमिल्टन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने त्याचं गणित मांडलं: मदतीचा फायदा गुणिले नात्याची जवळीक, हे मदत करणाऱ्याच्या नुकसानापेक्षा जास्त भरलं, तर तो स्वभाव पिढ्यानपिढ्या टिकतो. बंगळूरला जीवशास्त्रज्ञ राघवेंद्र गदगकरांनी गांधीलमाश्यांवर रंगाचे ठिपके देऊन, एकेक माशी ओळखून कित्येक वर्षं हाच प्रश्न तपासला. तेव्हा गणित अजिबात सोडू देऊ नका.

मार्ग: आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांचा पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम. त्याच्या आयएटी या प्रवेश परीक्षेत गणितासह चारही विषयांना सारखंच वजन असतं. नाही जमलं, तर गोव्यातच झूलॉजीत बीएस्सी, मग एमएस्सी. पुढे पीएचडी लागतेच. नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळाली, तर महिना ३७,००० रुपये सुरू होतात; कायमची नोकरी मात्र बहुधा तिशीनंतर. घरच्यांची तेवढी तयारी हवी.

माणसांकडेही हाच प्रश्न नेता येतो. खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीचा, बांध फुटला की खारं पाणी सगळ्यांच्याच शेतात शिरतं. मग बांध कोणी सांभाळायचा, मानशीची (पाणी आत-बाहेर सोडायच्या झडपेची) दारं कोणी बघायची, याचे नियम आपल्या गावकारीने, म्हणजे गावच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेने, पिढ्यानपिढ्या चालवले. सामायिक साधनं लोक मिळून कशी सांभाळतात, याच अभ्यासासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गोव्याच्या मुलांनी हे काम हाती घ्यावं असं मला फार वाटतं.

सध्या नीट आणि आयएटी दोन्ही देऊ द्या. तिला एक वही आणून द्या: तारीख, वेळ, झाड, काय दिसलं. पुढे उन्हाळी प्रकल्पासाठी प्राध्यापकांना लिहिताना त्या नोंदी जोडता येतील.