कोकणात माणसं कमी झाली, मग उरलेल्यांच्या वाट्याला जास्त का येत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : गुहागरपासून राजापूरपर्यंत फिरलो, जिकडेतिकडे घरांना कुलपं. लोकसंख्या कमी झाली तर मागे राहिलेल्यांना जमीन, पाणी, काम सगळंच जास्त मिळायला हवं. मग गावं अशी पडीक का?

हा हिशोब मीही केला होता. मुंबईतली नोकरी सोडून राजापूर तालुक्यातल्या गावी परत आलो तेव्हा सामायिक सातबाऱ्यावर ३४ नावं होती आणि गावात राहणारे आम्ही तिघं : मी, बायको आणि काकी. म्हटलं, चौतीस जणांची जमीन तिघांत, चैन आहे. कलमं लावायची म्हणून अनुदानाचा अर्ज केला, तर सगळ्या सहहिस्सेदारांची संमती आणा म्हणाले. कोणी डोंबिवलीत, कोणी नालासोपाऱ्यात, एक बडोद्याला. तिघं वारलेले, त्यांच्या वारसांची नोंदच नाही. एका चुलतभावाने तर सरळ सांगितलं, ‘तू कर रे, पण सही नको मागू.’

तेव्हा कळलं की माणूस गाव सोडतो, त्याचं नाव सोडत नाही. गावात एक डोकं कमी होतं आणि सातबाऱ्यावर पुढच्या पिढीत चार वाढतात. जमीन तेवढीच, कसणारे हात कमी आणि हक्कदार जास्त. तुमच्या गणितात भागणारी संख्या माणसांची आहे, कागदावर ती नावांची असते.

आता आकडे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या जवळजवळ १६ टक्क्यांनी वाढली. त्याच काळात रत्नागिरी जिल्हा १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आला आणि सिंधुदुर्ग ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर. दोन्ही मिळून लाखभर माणूस कमी. गंमत म्हणजे कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ मध्ये, म्हणजे ही घट रेल्वे आल्यानंतरच्या पहिल्याच दशकातली. रेल्वे आली की पोरं गावात थांबतील असं आमच्याकडे सगळे म्हणायचे. रेल्वे दोन्हीकडे जाते, हे कोणी धरलं नव्हतं.

आणि कमी कोण झालं ते बघा. रत्नागिरीत २०११ ला दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. राज्यात हेच प्रमाण ९२९. यावरून कोकणात मुलींचं फार कौतुक आहे असं कोणी भाषणात म्हणालं तर टाळ्या वाजवू नका. शून्य ते सहा वर्षांच्या मुलांत हेच प्रमाण हजाराच्या खाली येतं. बायका जास्त नाहीत, कमावते पुरुष गैरहजर आहेत. गिरण्यांच्या काळापासून हे असंच चालत आलंय. पोराला वाढवायचा, शिकवायचा खर्च गावाने करायचा, त्याची विशी ते साठी मुंबईने घ्यायची, आणि गुडघे दुखायला लागले की तो परत गावाच्या पदरात. बदल्यात मनीऑर्डर यायची. १९८२ च्या गिरणी संपानंतर ती आटली, पण जाणं थांबलं नाही. फक्त लालबाग-परळऐवजी दिवा आणि विरार झालं. पूर्वी गेलेल्यांची जागा जन्म भरून काढायचे. आता तेही नाही : राज्याचा जननदरच, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, २०१९-२१ च्या पाहणीत १.७ वर आला होता, लोकसंख्या टिकायला साधारण २.१ लागतो.

ज्याबद्दल कोणी लिहीत नाही ते सांगतो. शेती एकट्याची दिसते, पण ती वाडीची असते. पाऊस सरला की पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, बंधारा घालायला पूर्वी घरटी एक माणूस यायचा, दोन दिवसांत काम. आता अकरा घरांतली सात बंद, उरलेल्यांत सत्तरीच्या आतले आम्ही दोघं. बंधारा नाही, म्हणून वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचा दुसरा भात, नाही. रानडुकरांचंही तेच. सगळ्यांची शेतं पिकायची तेव्हा राखण वाटली जायची, नुकसानही वाटलं जायचं. आता आजूबाजूला सगळं पडीक, रान अंगणापर्यंत आलेलं, आणि मध्ये माझा एकट्याचा भात. डुकरं दुसरीकडे कुठे जाणार? दोन वर्षं सोसलं, तिसऱ्या वर्षी मीही नांगर ठेवून दिला. माणसं एका मर्यादेखाली गेली की उरलेल्यांची कामं वाढत नाहीत, ती कामं होतच नाहीत.

मजुरी वाढली का? वाढली, तुमचं तेवढं बरोबर आहे. पण ती घ्यायला इथलं कोणी उरलं नाही. आंब्याच्या बागा आता नेपाळी माणसं राखतात, होड्यांवरही खलाशी तिकडचेच. आमच्या बागेतल्या जोडप्याची मुलगी गावच्या शाळेत दुसरीत आहे. शाळेचा पट नऊ, त्यातली तिघं नेपाळी. ही तिघं गेली तर शाळेचं काय होईल हे गुरुजी बोलून दाखवत नाहीत. माझी काकी आमच्या बागेतल्या मुलीशी मालवणी-मराठी मिसळून बोलते आणि पोरगी तिला ‘आये’ म्हणते.

माणसं कमी झाली की वजनही कमी होतं. नाथ पै आणि मधु दंडवते ज्या राजापूर मतदारसंघातून लोकसभेत जायचे, तो २००८ च्या फेररचनेत गेला. आता सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीचा बराचसा भाग मिळून एक रत्नागिरी-सिंधुदुर्ग, आणि तीही फेररचना २००१ च्या आकड्यांवर, घट व्हायच्या आधीच्या. नंतरची घट तर अजून हिशोबात धरलेलीच नाही.

२०२१ ची जनगणना लांबली, ती आता २०२७ मध्ये आहे. मोजणी फेब्रुवारीत. गणपतीत झाली असती तर आमच्या वाडीत पाय ठेवायला जागा नसती आणि आकडा बघून सरकारने दुसरी शाळा दिली असती! फेब्रुवारीत चाकरमानी मुंबईत असतात, आणि मोहोर धरलेला असतो म्हणून नेपाळी राखणदार बागांत. मोजणारा आला तर आमच्या वाडीत गावकऱ्यांच्या बरोबरीने त्यांचीही डोकी भरतील. सातबाऱ्यावर त्यांच्यातलं एकही नाव नाही.